कोटामागची शहरं

रोममध्ये आमच्या गटात आम्ही सत्तावीस जण होतो आणि टूर मॅनेजरने डोकी मोजली की दर वेळी सव्वीस भरायची. पहिल्या दिवशी त्याने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमचे नाना कुठेत?" जसं काही मी त्यांना घरून पिशवीत घालून आणलं होतं. नाना समोरच होते. पँथिऑनच्या त्या प्रचंड देवळासमोर सगळं जग माना वर करून खांब बघत होतं, आणि आमचे भिला नाना, वय वर्षं एकाहत्तर, धुळ्याचे शिंपी, एका उंच इटालियन गृहस्थाच्या मागून दोन पावलांवर चालले होते. मान वाकडी, डोळे त्याच्या पाठीत रुतलेले. गृहस्थ थांबला की नाना थांबत. गृहस्थ वळला की नाना आभाळाकडे बघत. मी पळत जाऊन त्यांची बाही ओढली तर मला म्हणतात, "थांब माय, माले जरा कॉलर दखू दे."

मला इतका राग आला होता की काय सांगू. आयुष्यभर वर्गात नकाशावर छडी ठेवून 'हे रोम, हे व्हेनिस' शिकवलं, निवृत्तीनंतर ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघायला मिळालं, आणि माझं निम्मं लक्ष कशावर, तर एका म्हाताऱ्या माणसाला परक्या देशात मार बसू नये यावर. आज मात्र कुणी इटलीचं नाव काढलं की मला खांब आठवत नाहीत आणि कारंजीही आठवत नाहीत. मला आठवतात कोट घातलेल्या माणसांच्या पाठी आणि त्यांच्या मागे चालणारे भिला नाना.

नानांचं दुकान धुळ्यात, माझ्या माहेरच्या घराला लागून. दहा बाय बाराची खोली, एक कापायचं टेबल, दोन मशिनी आणि समोरच्या भिंतीला एक उभा आरसा. त्यांचे वडील शर्ट-पायजमे शिवायचे. कोट शिवायला नानांना कुणी शिकवलं नाही, ते आपले आपण शिकले, आणि तेही कॅटलॉगवरून. सुटिंगच्या कापडाच्या कंपन्या तेव्हा दुकानदारांना मोठाले गुळगुळीत कॅटलॉग पाठवायच्या. त्यात एकेका पानावर एकेक देखणा गोरा माणूस कोट घालून उभा आणि त्याच्या मागे कुठलं तरी परदेशी शहर. नाना ते पान दिवस दिवस बघत बसायचे. कॉलरची रुंदी बोटांनी मोजायची, बाहीला कुठे वळी पडते ते बघायचं, मग जुन्या धोतराच्या तुकड्यावर तसंच कापून बघायचं. पन्नास वेळा चुकायचं आणि एक्कावन्नाव्यांदा जमवायचं.

मी त्या वेळी भूगोल घेऊन बी.ए. करत होते. एकदा कॉलेजातून येताना नानांनी दुकानातून हाक मारली. तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवून बोलणं ही त्यांची जन्माची सवय, आणि ते बोलणं फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूला, आणि मला कळायचं. "शैला, हाऊ मांगला घुमट कोठला शे?" कोटवाल्याच्या खांद्यामागे एक लालसर विटांचा घुमट होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात दोन दिवस जाडजूड पुस्तकं चाळली आणि येऊन सांगितलं, फ्लॉरेन्स. नानांनी पेन्सिलीने पानाच्या कडेला लिहिलं: फ्लॉरेन्स, दोन बटनी, बाही हातनी. मग ते व्यसनच लागलं आम्हा दोघांना. पाण्यातल्या घरांचं पान, व्हेनिस. काचेच्या छताखालचा बाजार, मिलान. जिन्यावर पोरीपोरं बसलेली, रोम. जगाचा नकाशा नानांनी कधी पाहिला नव्हता, पण इटलीतली चार गावं त्यांना धुळ्यातल्या आमच्या पाचकंदील चौकासारखी पाठ झाली. "माले बठ्ठा गावं माहीत शेतस," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "मी त्या कोटना मांगे देखेल शेतस."

गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. कुणी म्हणालं, नाना, परवा हळद आहे, कोट उद्या द्या, तर नाना शांतपणे म्हणायचे, "जल्दी शे तं चादर गुंडाळी ले." कॉलर आणि खांदा ते मशिनीवर कधीच शिवत नसत, सगळं हाताने. स्वतः मात्र बारा महिने पांढरा पायजमा आणि बाह्या दुमडलेला शर्ट. मी विचारलं, नाना, तुम्ही का नाही कोट घालत? तर म्हणाले, "मी घालसू तं शिवी कोन?"

आणि त्यांची एक पद्धत होती, ती आमच्या खान्देशातच शोभावी अशी. आमच्याकडे लग्नाचा कोट काही एकट्या नवरदेवाचा नसतो. थोरल्याच्या लग्नात शिवलेला कोट धाकट्याच्या लग्नात निघतो, मग चुलतभावाच्या, मग साल्याच्या. एकेक कोट चार-चार वेळा घोड्यावर बसतो. म्हणून नाना शिवणीच्या आत दोन्हीकडे तीन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे. पुढचा जाडा निघाला तर उसवून मोठा करता यावा. शहरातले टेलर त्यांना हसायचे, म्हणायचे कोट आतून जड होतो. नाना म्हणायचे, होऊ दे.

त्यांचा मुलगा किरण वाईट पोरगा नाही. उलट माझ्या शाळेतल्या पोरांपेक्षा शहाणा. पण त्याचं म्हणणं होतं की नाना, आता नवरदेव कोट शिवतच नाहीत. हळदीला एक, लग्नाला एक, स्वागत समारंभाला एक, अशा तीन शेरवान्या भाड्याने घेतात आणि परत करून टाकतात. आपण दुकान फोडून मोठं करू, काचा लावू, भाड्याच्या शेरवान्या ठेवू. नाना दोन वर्षं ऐकत होते आणि टाके घालत होते. शेवटी एका रविवारी त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी जळगावहून गेले. दुकानात किरण, काकू, मी आणि टेबलावर चावी.

"मी एक कोट शिवस," नाना म्हणाले. "आखरीना. तो मी तठे लई जास, इटलीले. तठला एखादा जुना मास्तरले दखाडसू. त्यानी 'बराबर शे' म्हणं तं मी जित्ता शे तोवर दुकान जसं शे तसं ऱ्हाई. 'चूक शे' म्हणं तं चावी तुनी. मी एक शबद बोलाव नही."

किरण माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं तो हसेल, पण तो म्हणाला, "ठीक आहे नाना. तिकिटं मी काढतो." काकू म्हणाली, "मी नही येत. माले कोट घालना नही शे." आणि नाना माझ्याकडे वळले. "तुले इंग्रजी येस. तू एकली शे, मी अडानी. चाल." माझे यजमान जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांच्या मागे मी जळगाव सोडून कुठे म्हणून गेले नव्हते. नकाशावरच्या सगळ्या गावांची नावं पाठ आणि पाऊल मात्र भाजी बाजारापर्यंत. मी काहीतरी सबब सांगणार होते, पण तोंडून आलं, "कधी निघायचं?"

तो कोट शिवायला नानांना चार महिने लागले. राखाडी लोकरीचं कापड, दोन बटणं. काजं इतकी बारीक की मी चष्मा काढून पुन्हा घालून बघितली. मुंबईला व्हिसाच्या कचेरीत आम्हाला बजावलं होतं की कारण विचारलं तर 'पर्यटन' म्हणायचं. काउंटरवरच्या मुलीने नानांना विचारलं आणि नाना स्वच्छ हिंदीत म्हणाले, "कोट दिखाने का है." मी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, कौनसा कोट? नाना तयारच होते. त्यांनी पिशवीतून कोट काढून काउंटरवर पसरला. ती मुलगी बिचारी दोन मिनिटं त्या काजावरून बोट फिरवत राहिली, मग तिने मागच्या बाईंनाही बोलावून दाखवला. मागे रांगेत वीस माणसं ताटकळत होती. व्हिसा मिळाला.

विमानात कोट मांडीवर. रोमच्या हॉटेलात कोट खिडकीला. आणि पहिल्या सकाळी नानांनी जन्मात पहिल्यांदा कोट अंगात घातला आणि लिफ्टमध्ये शिरले. त्या लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे होते. दुकानात नानांचा आरसा एकच, समोरचा. मी खाली नाश्त्याला बसले होते, अर्धा तास झाला तरी नाना येईनात. जाऊन बघते तर लिफ्ट वर जातेय, खाली येतेय, दार उघडतंय, आत नाना मागे वळून स्वतःची पाठ बघतायत, दार लागतंय. एक जर्मन जोडपं हातात बॅगा घेऊन उभं. मी पाय घालून दार अडवलं. नानांचा चेहरा उतरलेला. "शैला," ते म्हणाले, "माले शंका येई राह्यनी."

शंका अशी होती. कोट घालून हात पुढे केला की दोन्ही खांद्यांच्या मधे कापड ताणलं जायचं आणि कॉलर मानेपासून बोटभर सुटायची. समोरून बघाल तर राजबिंडा कोट. मागून बघाल तर कुणीतरी पकडून ओढतंय असं. मी म्हटलं, नाना, एवढं काय, कुणाच्या लक्षात येतंय. "तेच तं," नाना म्हणाले. "चाळीस वरीसमा कोनाच ध्यानमा उनं नही." खरंच होतं ते. लग्नात नवरदेवाची पाठ बघतो कोण? तो स्टेजवर सोफ्याला टेकलेला, फोटो समोरून, व्हिडिओ समोरून. आणि कॅटलॉगात तरी काय, चाळीस वर्षं एकेक गोरा माणूस नानांकडे तोंड करून उभा राहिला. "माले कोनी पाठ दखाडीच नही," नाना म्हणाले. "मी ती अंदाजेच कापी."

तेव्हापासून हे पाठलाग सुरू झाले. रोमच्या जिन्यावर सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्लं, नानांनी पाठी बघितल्या. कारंज्यात लोक नाणी टाकत होते आणि नाना नाणी टाकायला वाकलेल्या माणसांच्या कॉलरी बघत होते, वाकल्यावर त्या मानेला चिकटून राहतात का म्हणून. राहत होत्या. दर पाठीगणिक नानांचा चेहरा उतरायचा आणि डोळे चमकायचे, दोन्ही एकदमच. सकाळी नाश्त्याला पावावर कच्चं ऑलिव्हचं तेल घालून देत, ते बघून मात्र खुश झाले. "हाई तं आपलंच शे, खिचडीवर कच्चं तेल," असं म्हणत त्यांनी घरून आणलेले बिबडे, आमचे ज्वारीचे पापड, त्या तेलात बुडवून गटातल्या सगळ्यांना वाटले. मी म्हटलं, नाना, कुणाला दाखवायचा नसेल कोट तर नका दाखवू, आपण फिरून परत जाऊ. ते बिबडं चावत म्हणाले, "मंग मी आठे कसाले उनू?"

फ्लॉरेन्सला घुमटासमोर पोचलो तेव्हा मला रडू आलं. कॉलेजच्या ग्रंथालयात दोन दिवस शोधलेला तो घुमट, लाल विटांचा, प्रत्यक्ष, माझ्या डोक्यावर. मी नानांना दाखवायला वळले आणि नाना नव्हते. दोन तास मोकळे दिले होते, चार वाजता बसपाशी यायचं होतं. लांबवर राखाडी कोट दिसला. त्याच्या पुढे एक तपकिरी कोट, पांढऱ्या केसांचा एक वयस्कर गृहस्थ, हातात वर्तमानपत्र. तपकिरी कोट पुढे, राखाडी कोट मागे आणि त्यांच्या मागे मी, साडी सावरत, स्पोर्ट शूज घालून. गल्ल्यांतून, सोनारांच्या दुकानांच्या त्या जुन्या पुलावरून, नदी ओलांडून. नदी आपल्या धुळ्याच्या पांझरेएवढीच, पाणी मात्र होतं. पलीकडे कारागिरांची वस्ती, सुतार, चांभार, चौकटी बनवणारे, प्रत्येक दारातून ठोकठोक. आणि अचानक तपकिरी कोट गर्रकन वळला.

तो इटालियनमध्ये काहीतरी कडक बोलला. मी धापा टाकत इंग्रजीत माफी मागितली, त्याला ते कळेना. नाना मात्र मुळीच घाबरले नाहीत. त्यांनी अंगातला कोट काढला, उलटा करून पाठ दाखवली आणि नकारार्थी मान हलवली. मग त्या गृहस्थाच्या पाठीकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात जोडले. गृहस्थ क्षणभर बघत राहिला, मग जो हसायला लागला. त्याने नानांच्या दंडाला धरलं आणि दोन दारं सोडून एका काचेच्या दारातून आत ढकललं. त्याचा शिंपी तिथेच होता.

आत कापायचं टेबल, भिंतीला कागदाचे पॅटर्न टांगलेले, गळ्यात टेप घातलेला एक म्हातारा, नानांपेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल. त्याची मुलगी चाळिशीची, तिला इंग्रजी येत होतं. मी तिला सगळं सांगितलं. दुकान, मुलगा, चावी, सगळं. ती बापाला सांगत गेली. ऐकून झाल्यावर त्याने कोट घेतला, खिडकीपाशी नेला. आधी काजं बघितली, भिंग लावून. मान हलवली. खांद्याचे टाके अंगठ्याने चाचपले. पुन्हा मान हलवली. बाही हातावर लोंबवून बघितली, मुलीला काहीतरी म्हणाला. "बाबा म्हणतात, ही बाही माझी असती तरी चाललं असतं," तिने सांगितलं. मी ते नानांना सांगितलं. नाना हलले नाहीत, कारण कोट अजून मागून बघून व्हायचा होता.

मग म्हाताऱ्याने कोट नानांच्या अंगात घातला, मागे जाऊन उभा राहिला आणि हात पुढे करायची खूण केली. नानांनी हात पुढे केला. मी मनात देव आठवत होते, खोटं कशाला सांगू. म्हाताऱ्याने सुटलेल्या कॉलरीत बोट घातलं. "नो," तो म्हणाला. तेवढं भाषांतर करायची गरज नव्हती.

"पाठ तुम्हाला कुणी शिकवली?" मुलीने विचारलं. नानांनी पाकिटातून एक घडी घातलेलं पान काढलं. कॅटलॉगातलं, चाळीस वर्षांपूर्वीचं, कडेला पेन्सिलीने फ्लॉरेन्स लिहिलेलं. म्हाताऱ्याने ते पान बघितलं, उलटं करून बघितलं. मागे कोरं. तो हसला नाही. त्याने कोटाचं अस्तर एका बाजूने अलगद उसवलं आणि थांबला. आत तीन बोटं कापड दुमडलेलं. हे कशाला, त्याने विचारलं. मी सांगितलं, धाकटा भाऊ, चुलतभाऊ, साला, आणि घोडा. घोड्याचं मुलीला दोनदा समजवावं लागलं. म्हातारा उठला, खुंटीवरचा एक अर्धवट शिवलेला कोट काढून नानांच्या हातात दिला आणि त्याचं अस्तर वर केलं. आत तीन बोटं कापड. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले, त्यांना आता माझी आणि त्या मुलीची गरज उरली नव्हती. म्हाताऱ्याने टेबलावर तपकिरी कागद अंथरला, खडू घेतला आणि पाठ काढून दाखवली. कुठे सरळ जायचं नाही, कुठे गोलाई द्यायची, कुठे इस्त्रीने कापड आत दाबायचं. नाना टाचण्या तोंडात ठेवून आपल्या अहिराणीत प्रश्न विचारत होते, तो इटालियनमध्ये उत्तरं देत होता. निघताना मुलगी म्हणाली, "बाबा म्हणतात, पाठ चुकली आहे, पण आत कापड आहे. कापड आहे म्हणजे दुरुस्त होईल."

बाहेर आल्यावर मला नानांकडे बघवेना. पुलाच्या मध्यावर त्यांना थांबवून म्हटलं, नाना, दुकान गेलं ना. म्हाताऱ्याने दिलेला तो तपकिरी कागद त्यांनी गुंडाळून छातीशी धरला होता. "चावी तं गई," ते म्हणाले. "पन माय, आते माले माहीत शे." आणि ते तरातरा चालायला लागले. आम्ही बसपाशी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. टूर मॅनेजर मला बोलायचं ते सगळं बोलला. नानांनी त्याला बसमध्येच उभं केलं, हात पुढे करायला लावला आणि त्याच्या जॅकेटची कॉलर कुठे सुटते ते खडूने दाखवलं. मग तोही गप्प बसला.

पुढची शहरं नानांनी एखाद्या परीक्षा पास झालेल्या पोरासारखी बघितली. व्हेनिसला म्हणाले, "गावमा पानी भरनं आनि लोके उठीसन गयात नही, हुशार शेतस." मिलानला काचेच्या छताखालच्या त्या बाजारात ते बरोबर त्या जागेवर जाऊन उभे राहिले जिथे त्यांच्या पानावरचा माणूस उभा होता. पायाखालची फरशीसुद्धा त्यांनी ओळखली. मी मोबाइल काढला आणि ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "मांगेथून काढ," म्हणाले. "समोरना पुष्कळ देखी लिधात."

धुळ्याला आल्यावर त्यांनी हातपाय धुवायच्या आधी किरणच्या हातात चावी ठेवली. "पाठ चुकनी," एवढंच म्हणाले. किरण म्हणाला, नाना, राहू द्या, मी असंच बोललो होतो. नाना म्हणाले, मी असंच नव्हतो बोललो. तीन महिन्यांत दुकानाला काचा लागल्या, दिवे लागले, सोनेरी शेरवान्या लागल्या, आणि धंदाही चांगला चालला, हे मी कबूल करते. कापायचं टेबल तेवढं वरच्या खोलीत गेलं. आणि मग नानांनी जे सुरू केलं त्याला गल्लीत सगळे वेड म्हणाले. त्यांनी शिवलेला एकेक कोट परत मागवायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत किती जणांच्या पाठी आपण चुकवल्या हे त्यांच्या डोक्यातून जाईना. निरोप किरणनेच व्हॉट्सअॅपवर टाकला: नानांनी शिवलेला जुना लग्नाचा कोट असेल तर आणून द्या, पाठ नीट करून मिळेल. आणि खाली त्याने स्वतःहून लिहिलं: घाई असेल त्यांनी आणू नये.

भडगावहून कोट आले, चाळीसगावहून आले. धरणगावचा एक आजोबा झालेला माणूस नातवाच्या लग्नात घालायला म्हणून आपला कोट घेऊन आला, तोपर्यंत तो कोट पाच जणांनी घातला होता आणि खिशात तिसऱ्या नवरदेवाच्या अक्षता होत्या. नाना उसवायचे, आतलं तीन बोटं कापड बाहेर काढायचे, तपकिरी कागद भिंतीला लावलेला, त्याकडे बघत नवी पाठ शिवायचे. माणसाला घालून जिन्यावरून खालीवर चालायला लावायचे. कॉलर मानेला चिकटून राहिली की खुश. त्या वर्षभरात ते मला जेवढे तरुण दिसले तेवढे मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

दिवाळीनंतर नाना गेले. सकाळी काकू चहा घेऊन गेली तर उठले नाहीत. त्याच्या महिनाभर आधी ते जळगावला माझ्याकडे आले होते. माझ्या यजमानांचा लग्नाचा कोटही नानांनीच शिवलेला, आणि तो त्यांनी मागच्या खेपेला जवळजवळ भांडून नेला होता. मी म्हटलं होतं, नाना, घालणारा माणूस राहिला नाही, आता त्याची पाठ नीट करून काय करायचं. ते म्हणाले, "तो नही शे. पन चूक तं मनी शे ना."

दुपारचे चार वाजले असतील. त्यांनी पिशवीतून कोट काढला, मी हँगर आणला. "हँगरवर पाठ समजस नही," ते म्हणाले, "चालनं पडस." आणि त्यांनी तो कोट स्वतःच्या अंगात घातला. यजमान उंच होते, बाह्या नानांच्या बोटांपर्यंत आल्या. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर लांब गॅलरी आहे, जिन्यापर्यंत जाणारी. तिथे ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "मनी पाठ माले दिसाव नही. तू मांगेथून दख. आनि मन राखाले सांगू नको, खरं सांगजो."

मग त्यांनी डावा खांदा बोटभर खाली केला. उजव्या हाताची मूठ मागे कमरेवर ठेवली. आणि चालायला लागले. पहिली दोन पावलं भराभर, मग सावकाश. पस्तीस वर्षं रोज साडेनऊला यजमान या गॅलरीतून ऑफिसला जाताना मी ती चाल बघितली होती. नानांनी त्यांना लग्नाआधी एकदाच, माप घेताना, दुकानात चालताना निरखून बघितलं होतं. कॉलर मानेला घट्ट धरून होती. जिन्यापाशी त्यांनी कठड्याला धरायला हात पुढे केला, तरी सुटली नाही.

"सांग," नाना तिकडूनच म्हणाले, "बराबर शे का?"

ते वळले नाहीत, तसेच पाठमोरे थांबून राहिले.

"बरोबर आहे, नाना," मी म्हटलं. "पण वळू नका. आणखी एकदा चाला."

नानांनी डावा खांदा पुन्हा बोटभर खाली केला, तसेच पाठमोरे दोन पायऱ्या उतरले, आणि जिन्याच्या वळणापर्यंत माझ्यासाठी सावकाश चालत गेले.